देवीने कौल दिला, घरच्यांचं काय?

एडन थॉमस यांची 'सिमेट्री बॉइज' ही कादंबरी सप्टेंबर २०२० मध्ये आली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या लांब यादीत गेली. लेखकाचा जन्म कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. तिथून जवळच्याच एका सार्वजनिक वाचनालयात मी किशोरवयीन मुलांचा विभाग सांभाळते. पुस्तक परत आलं की पुढचं कुणीतरी वाट बघत असतंच. मुलं त्याबद्दल काय बोलतात ते मी रोज ऐकते आणि मोठी माणसं काय बोलतात तेही. दोघं एकाच पुस्तकाबद्दल बोलताहेत यावर विश्वास बसत नाही.

गोष्ट पूर्व लॉस एंजेलिसमधल्या दफनभूमीत घडते. तिथे राहणाऱ्या लॅटिनो घराण्याकडे पिढीजात सिद्धी आहे. बायकांनी आजाऱ्यांना बरं करायचं आणि पुरुषांनी अडकलेल्या आत्म्यांना वाट मोकळी करून द्यायची. यादरियेल सोळा वर्षांचा आहे. जन्माच्या वेळी त्याला मुलगी ठरवलं गेलं, पण तो मुलगा आहे. घरचे त्याला पुरुषांचा विधी करू देत नाहीत, म्हणून नात्यातल्या बहिणीला, मारित्साला, सोबत घेऊन तो रात्री गुपचूप विधी करतो. मृत्युदेवता कौल देते. मग अचानक गेलेल्या नात्यातल्या भावाचा आत्मा शोधताना हुलियान नावाच्या भलत्याच मुलाचं भूत समोर उभं राहतं. हे भूत बडबडं आणि हट्टी आहे. माझे मित्र सुखरूप आहेत का ते बघ, मगच जाईन, असं म्हणतं. पुढे दोघं प्रेमात पडतात.

मोठ्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: हे ट्रान्स मुलाचं पुस्तक आहे ना? मुलांच्या बोलण्यात मात्र हा मुद्दा पहिल्या पाच मिनिटांत संपतो आणि खरी चर्चा नंतर सुरू होते. एकाला खलनायक अर्ध्या पुस्तकातच कळला, त्याचा राग त्याने तासभर काढला. जैन घरातली एक मुलगी मारित्सावर फिदा होती. बरं करण्याच्या विधीला प्राण्याचं रक्त लागतं आणि मारित्सा व्हीगन, म्हणून ती हाती असलेली सिद्धी वापरत नाही. "घरातल्या देवाला नाही म्हणायला किती हिंमत लागते, माहितेय?" असं ती मला म्हणाली. मृतांच्या सणासाठी मांडलेल्या नैवेद्याचं वर्णन वाचून एका मराठी मुलीला आजीचा पितृपक्ष आठवला. मेक्सिकन घरातला एक मुलगा तिला स्वतःच्या घरची मांडणी समजावू लागला. त्या दोघांना बोलताना पाहायला हवं होतं.

हुलियान हरवला तरी त्याचे मित्र पोलिसांकडे जात नाहीत. बेघर, घरातून हाकललेली ही पोरं. आपल्यासारख्याला कोण शोधणार, हे त्यांना ठाऊक आहे. या प्रसंगावर मुलं बराच वेळ गप्प होती, आणि बोलली तेव्हा बेघर मुलांबद्दल बोलली.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते एका पंधरा वर्षांच्या मुलाचं निरीक्षण. देवी सुरुवातीलाच हो म्हणते, मग घरच्यांना अख्खं पुस्तक का लागतं? यादरियेलचे वडील दुष्ट नाहीत. आजी त्याच्यावर जीव टाकते, भरवते, आणि तरीही पुरुषांमध्ये त्याला मोजत नाही. त्याला समजून घेणारी आई वर्षभरापूर्वीच गेली आहे. जे दुखावतात तेच प्रेमही करतात, ही गुंतागुंत मुलांनी अचूक पकडली. यातली बरीच मुलं ट्रान्स नाहीत. पण घरच्या अपेक्षेतली मी आणि मनातली मी यांतलं अंतर त्यांना रोज मोजावं लागतं: नाव उच्चारताना, करिअर निवडताना, कुणावर प्रेम करायचं हे ठरवताना. भूत आणि जादू आहे म्हणून या विषयाजवळ न घाबरता जाता येतं. प्रेमकथा आहे म्हणून शेवटपर्यंत आशा टिकते. या प्रकारच्या पुस्तकांना हलकंफुलकं म्हणून उडवून लावणाऱ्या समीक्षकांशी माझं इथेच भांडण आहे.

मोठ्यांचा आक्षेप अनेकदा थेट बंदीपर्यंत जातो. पेन अमेरिका या लेखकसंस्थेने २०२३-२४ या शालेय वर्षात अमेरिकेतल्या सरकारी शाळांमध्ये पुस्तकबंदीच्या दहा हजारांहून अधिक घटना नोंदवल्या. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने सार्वजनिक वाचनालयांतल्या अशा बंदीला आळा घालणारा कायदा केला, म्हणून आमच्याकडे थोडा आधार आहे. बंदी मागणारे सगळीकडे एकच कारण देतात: मुलांच्या मनावर परिणाम होईल. परिणाम होतोच, मी तो पाहते आहे. पण मुलांच्या नावाने काळजी करणाऱ्यांपैकी मुलांना विचारून आलेलं माणूस क्वचितच भेटतं.

आमच्याकडच्या मराठी आईवडिलांना मी हेच सांगते, आणि पुण्या-नागपुरात ज्यांची मुलं फोनवर इंग्रजी फँटसी वाचत बसतात त्यांनाही सांगेन. पुस्तकाबद्दल तक्रार जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. फक्त आधी ते पूर्ण वाचा, आणि मग मुलाला वा मुलीला विचारा की यादरियेलची आजी तुला कशी वाटली. उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका.