कोबीच्या पानावरील डाग आणि दुकानदाराची उधारी

मागील महिन्यात एका मंगल परिणयाच्या निमित्ताने आम्ही निफाड तालुक्यात गेलो होतो. वस्तीवरील एका ताईंनी जेवणानंतर आम्हाला आपल्या वावरात नेले. त्यांच्या सासऱ्यांनी १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन तुरुंगवास भोगला होता. पुढे मिळालेल्या गायरान जमिनीच्या तुकड्यात दहा गुंठे फ्लॉवर उभा होता. खालची पाने डागाळलेली! दुकानदाराने पान न पाहताच दोनदा अळीचे औषध उधारीवर दिले. रोग होता बुरशीचा. औषध वाया गेले, उधारी मात्र राहिली.

सबब, वाचक भगिनींनो, आधी पान उलटून पाहा. तपकिरी डागात चक्रासारखी वर्तुळे दिसली, तर तो करपा. तो जुन्या पानांपासून चढतो आणि पुढे गड्ड्यालाही डाग पाडतो. पानावर पिवळट चट्टा आणि त्याच ठिकाणी खाली पांढुरकी बुरशी, तो केवडा. थंडीत, दव असताना सकाळीच पाहावा. पण पानाच्या कडेपासून आत इंग्रजी 'व्ही'सारखा पिवळा डाग आणि काळ्या शिरा असतील, तर तो घाण्या. तो जिवाणूंचा आहे. बुरशीनाशकावर पैसे घालू नका.

रोप गादीवाफ्यावर, विरळ टाकावे. दाट रोप बुडाशी कुजून कोलमडते. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे रात्री पाने ओली राहत नाहीत. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ही एकाच कुळातील पिके. त्याच जागी दोन वर्षे पुन्हा घेऊ नयेत. बी ५० अंश गरम पाण्यात अर्धा तास ठेवण्याची रीत चांगली आहे, पण थर्मामीटर नसेल तर त्या फंदात पडू नये, बी उकडून जाते.

करप्याचे पहिले डाग दिसताच दहा लिटर पाण्यात २५ ग्रॅम मॅन्कोझेब फवारावे. कोबीचे पान मेणचट, त्यावर थेंब ठरत नाही. म्हणून स्टिकर मिसळावे. आपली पुष्कळ माणसे दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप मारतात. त्यांनी तोंडाला फडके बांधल्याशिवाय पंप उचलू नये, मालक कितीही घाई करो. पोराबाळांना जवळ येऊ देऊ नये, आणि घरी येताच अंघोळ करावी.

ताईंनी डागाळलेली पाने खुडून बांधावर न टाकता जाळली. निम्मा फ्लॉवर हाती लागेल असे दिसते. उन्हाळ्यात तेथे त्या गवार लावणार आहेत.