पावसाळ्यात फळी वाळवा, ओतकाम नंतर

मे महिना संपत आला की आपल्या धंद्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. गिऱ्हाइके दसरा-दिवाळीच्या ऑर्डरी नक्की करू लागतात आणि हवा ओली होऊ लागते. अलीकडे या ऑर्डरींत जेवणाचे ‘रिव्हर टेबल’ हमखास असते. सालीकडची नैसर्गिक कड ठेवलेल्या दोन फळ्या, मधे निळ्या किंवा काळ्या इपॉक्सी रेझिनची नदी. काम देखणे आहे, पैसा बरा मिळतो आणि नवी मुले या कामाच्या ओढीने सुतारशाळेकडे वळत आहेत. म्हणूनच ते घाईने आणि ओल्या लाकडात होऊ नये असे आम्हाला कळकळीने वाटते. या अंकातून एकच आग्रह धरायचा आहे: जून ते सप्टेंबर या काळात फळी आतपर्यंत वाळल्याची खात्री नसेल, तर रेझिन ओतू नका.

हा आग्रह कशासाठी, ते आकड्यांत पाहू. हवेतली आर्द्रता 85 टक्के असेल तर उघड्या लाकडात 17-18 टक्के ओल टिकून राहते. आर्द्रता 30 टक्क्यांवर आली की ती सहाच्या आसपास उतरते. म्हणजे ऑगस्टमध्ये कोकणातल्या शेडखाली ठेवलेली फळी कितीही महिने थांबली तरी त्या दिवसांत सतराच्या खाली जायची नाही. तीच फळी टेबल होऊन एसीच्या घरात किंवा एप्रिलच्या विदर्भात गेली की सुकतच राहणार. वर्षवलये पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असलेली 15 इंची सागवानी फळी 17 वरून 7 टक्क्यांवर आली, तर रुंदीत साधारण 7 मिलिमीटर आक्रसते. पॉलिशने हा प्रवास लांबतो, थांबत नाही. आयएस 287 या भारतीय मानकाने हवामानानुसार देशाचे चार विभाग करून लाकडाच्या ओलीच्या मर्यादा वेगवेगळ्या सांगितल्या आहेत, त्या याच कारणासाठी. मुंबईचे आणि नागपूरचे टेबल एकाच आकड्यावर वाळवून चालत नाही.

यावर अनुभवी कारागिरांचा एक आक्षेप असतो. नदी लांबीच्या दिशेने जाते, त्यामुळे फळी बाहेरच्या कडेकडून मोकळी आक्रसते, मग अडचण कुठे? त्यांचे म्हणणे बरोबर आहे. घोळ होतो तो दुसऱ्या ठिकाणी. ओली फळी सपाट करून ओतली की पुढे वाळताना ती वाकते. दोन्ही फळ्या आपापल्या अंगाने वाकतात, मधली पट्टी त्यांना धरून ठेवते आणि वर्षभरात टेबलावर गुण्या ठेवला तर खालून उजेड दिसतो. फळीच्या टोकाला, फांदीच्या बेचक्यात किंवा मोठ्या पोकळीत रेझिन रेषांना आडवे भरलेले असेल, तर तिथे लाकडाला हलायला जागाच उरत नाही. रेझिनची पकड लाकडाच्या आडव्या ताकदीपेक्षा जास्त असते. त्यामुळे रेझिन शाबूत राहते आणि चीर पडते ती त्याला लागून लाकडात. त्यात लोखंडी फ्रेमला गोल भोके पाडून टॉप घट्ट आवळला असेल, तर उरलेले काम फ्रेम करते. भोके लांबट पाडा आणि पॉलिश वरून जितके, तितकेच खालून द्या. खालची बाजू कोरी सोडण्याची सवय या कामात फार महाग पडते.

‘रिव्हर टेबल’ हे नाव ज्यांच्यामुळे जगभर झाले, ते अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील ग्रेग क्लासेन यांनी नदीसाठी रेझिन नव्हे, हाताने कापलेली निळी काच वापरली होती. फळीला खाच घेऊन काच त्यात बसवायची, म्हणजे लाकूड आपल्या जागी आणि काच आपल्या जागी. रेझिनची लाट त्यानंतर आली. त्याच्याही कितीतरी आधी जॉर्ज नाकाशिमा यांनी नैसर्गिक कडेच्या फळीला मान मिळवून दिला. फळीतली भेग ते झाकत नसत. फुलपाखराच्या आकाराची लाकडी चावी आडवी बसवून तिला धरत आणि भेग तशीच दिसू देत. 1930 च्या दशकाच्या अखेरीस पुदुच्चेरीच्या श्रीअरविंद आश्रमात गोलकोंडा ही इमारत उभी राहत असताना ते तिथे कामावर होते. तिथले सागवानी फर्निचर आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी जाऊन पाहावे. प्रत्येक भेगेत रेझिन भरलेच पाहिजे असे नाही, हे त्या परंपरेकडे पाहिले की पटते.

फळी वाळली की नाही, हे ओळखायचे कसे? पिनांचा मीटर नुसता वरच्या अंगाला टोचला तर तो वरचीच ओल सांगतो. टाकाऊ टोक कापून ताज्या कापाच्या मध्यावर टोचा. आणखी खात्रीचा मार्ग वजनाचा आहे. फळी काट्याला टांगा, वजन आणि तारीख तिच्यावरच खडूने लिहा, दर आठवड्याला पुन्हा तोला. ओळीने तीन-चार आठवडे वजन हलले नाही, तर ती त्या हवेशी जुळली. पण ‘त्या हवेशी’ म्हणजे पावसाळ्याच्या हवेशी, हे विसरू नका. तिथून 8 ते 10 टक्क्यांवर आणायला सीझनिंगची भट्टी हवी, निदान बंद खोली आणि डीह्युमिडिफायर हवा. उघड्यावर वाळवताना जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा जुना ठोकताळा अजून खरा आहे, आणि दोन इंची फळ्या ‘सहा महिने जुना माल’ म्हणून विकणाऱ्या वखारीला तो ऐकवायला हरकत नाही. आंब्याची फळी घेतली असेल तर कडेचे कच्चे लाकूड नीट पाहा. बारीक भोके आणि पिठासारखा भुगा दिसला, तर किडीचा बंदोबस्त होईपर्यंत ती बाजूला ठेवा. साग तेलकट असतो, म्हणून ओतण्याआधी कडा अॅसिटोनने पुसून घ्याव्या लागतात.

आता प्रत्यक्ष ओतण्याविषयी. आपण लाकूड घनफुटात मोजतो, रेझिनही तसेच मोजून पाहा. 6 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 2 इंच खोल नदी म्हणजे बरोबर 1 घनफूट, म्हणजे 28 लिटरहून थोडे जास्त, वजनाने सुमारे 31 किलो. इतके रेझिन एका जागी गोठताना स्वतःची उष्णता स्वतःच वाढवत नेते. वरून लेप द्यायचे रेझिन पातळ थरासाठी असते. ते दोन इंच ओतले की धूर निघतो, फेस येतो आणि तडे जातात. खोल ओतायचे कास्टिंग रेझिन वेगळे असते, आणि त्यालाही डब्यावर छापलेली खोलीची मर्यादा असते. फायबरच्या होड्या किंवा टाक्या करणारे हात या कामात येतात, त्यांना खास सांगावे लागते. पॉलिएस्टर रेझिनमध्ये कॅटलिस्ट वाढवला की माल लवकर सेट होतो. इपॉक्सीत तसे नाही. हार्डनर जास्त पडला तर तेवढा भाग कायमचा मऊ राहतो. आकारमानाने 2:1 असलेले मिश्रण वजनाने 100 ला 50 होत नाही, कारण हार्डनर हलका असतो. बहुधा ते 42 ते 45 च्या आसपास येते. काट्यावर मोजणार असाल तर वजनाचेच प्रमाण वाचा.

ओतायची वेळ संध्याकाळची ठेवा. सकाळी ओतले तर ऊन चढते, लाकडातली हवा फुगते आणि एकेका किडीच्या भोकातून, सालीखालच्या बारीक फटीतून बुडबुड्यांची माळ वर येत राहते. टॉर्चने एक फोडावा तर त्याच भोकातून दुसरा तयार. तापमान उतरत असताना ओतले की लाकडातली हवा आक्रसते आणि रेझिन आत खेचले जाते. त्याआधी कडांना पातळ रेझिनचा एक हात देऊन भोके बंद करावीतच. पावसाळी हवेत आणखी एक त्रास होतो. हार्डनरमधले अमाइन हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून पृष्ठभागावर मेणचट थर आणते. तो पाण्याने घासून न काढता त्यावर पुढचा थर दिला, तर तो सुटून येतो.

हातांबद्दल मालकांशी दोन शब्द स्पष्ट बोलायचे आहेत. इपॉक्सीची अॅलर्जी हा कारखान्यांतला जुना, माहीत असलेला रोग आहे. कित्येक महिने काही होत नाही, मग एक दिवस मनगटाला खाज सुटते, पुरळ उठते आणि एकदा शरीराने रेझिन ओळखले की बहुधा जन्मभर ते सोसत नाही. त्या मुलाला हे काम सोडावे लागते. नायट्राइलचे हातमोजे, गॅसच्या काडतुसाचा मास्क आणि हात धुवायला साबण-पाणी ठेवा. थिनरने हात धुण्याची पद्धत तर आजच बंद करा, कारण थिनर रेझिनला कातडीत आणखी आत नेतो. पुरते न सुकलेले रेझिन घासू नका, ती धूळ तितकीच वाईट.

आणि गिऱ्हाइकाला खरे सांगा. खोल ओतायची बरीच रेझिने 50-60 अंशांपासून मऊ पडू लागतात. आपल्या घरात जेवणाच्या टेबलावर शिट्टी नुकतीच उतरलेला कुकर येतो, तवा येतो. म्हणून टेबलाबरोबर आडणी द्या, आणि ती कशासाठी ते समजावून सांगा. पश्चिमेच्या उन्हात पारदर्शक रेझिन पिवळे पडते. डब्यावर ‘यूव्ही’ लिहिलेले असले तरी ते उशिरा पिवळे पडेल इतकाच त्याचा अर्थ. हे ऑर्डर घेतानाच बिलावर लिहा.

भट्टीतून काढलेला माल आणि बंद, कोरडी खोली ज्यांच्याकडे आहे, त्यांनी पावसाळ्यातही खुशाल ओतावे. बाकीच्यांनी हे चार महिने फळ्या निवडायला, मधे पट्ट्या घालून थप्प्या लावायला, टोकांना रंग मारायला आणि वजने लिहायला वापरावेत. दिवाळीची तारीख मागणाऱ्या गिऱ्हाइकाला जानेवारीची तारीख द्या. एखादी ऑर्डर हातची जाईल, पण टेबल परत येणार नाही.

वाचकांना एक विनंती. आपल्या फळ्यांचे लाकूड, जाडी, गाव आणि दर आठवड्याचे वजन किंवा ओलीचा आकडा जूनपासून लिहून ठेवा आणि ऑक्टोबरअखेर आमच्याकडे पाठवा. कोकण, घाट, मराठवाडा आणि विदर्भ यांचे आकडे शेजारी-शेजारी छापण्यासाठी डिसेंबरच्या अंकात पाने राखून ठेवत आहोत.