कळ छातीत, निर्णय ओसरीवर

हृदयविकाराच्या झटक्याने होणाऱ्या मृत्यूंची चर्चा बहुधा रुग्णालयाभोवतीच फिरत राहते. डॉक्टर होते की नव्हते, यंत्र चालू होते की बंद, रुग्णवाहिका वेळेवर आली की नाही, हे प्रश्न विचारले जातात आणि ते रास्तही आहेत. परंतु रुग्ण घरातून निघण्यापूर्वी किती वेळ गेला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएट' नावाच्या भारतीय अभ्यासात ५० शहरांमधील ८९ रुग्णालयांतील २०,४६८ रुग्णांची नोंद होती. त्यांपैकी ज्यांची हृदयधमनी पूर्ण बंद पडल्याची खूण ईसीजीवर होती, अशा रुग्णांना त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेल्या वेळेचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे राहतात तो काळ, ३६० मिनिटांचा निघाला. रुग्णालयात आल्यानंतर गुठळी विरघळवणारे औषध सुरू व्हायला मात्र ५० मिनिटे लागत होती. सहा तास दाराबाहेर आणि पाऊण तासाहून थोडा अधिक दाराआत, असा हा हिशोब असेल, तर लोकांना झटक्याविषयी शिकवणारे स्वयंसेवक तयार करणे हे रुग्णालयाच्या कामाला लावलेली शोभेची झालर राहत नाही. उपचाराचा पहिला टप्पा तोच ठरतो.

वेळेला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी झटका म्हणजे नेमके काय ते पाहावे लागते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षे मेदाचा थर साचतो. एखाद्या दिवशी त्या थराला चीर पडते, तिच्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पुढचा प्रवाह अडतो. त्या क्षणापासून पलीकडचा स्नायू मरू लागतो, पण एकदम नव्हे, तर काही तासांत हळूहळू. म्हणून पहिल्या तासात गुठळी विरघळवली किंवा अँजिओप्लास्टी करून धमनी उघडली तर बराच स्नायू वाचतो आणि बाराव्या तासानंतर त्याच उपचाराचा लाभ फार थोडा उरतो. याहून वेगळी गोष्ट म्हणजे हृदय बंद पडणे. त्यात हृदयाची विद्युतलय बिघडून ते नुसते थरथरते, मेंदूला रक्त जात नाही आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. झटका आलेला माणूस बोलत असतो, घाम पुसत असतो, कधी स्वतः मोटारसायकल चालवत दवाखान्यात येतो. हृदय बंद पडलेला माणूस प्रतिसादच देत नाही. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते, पण दोहोंतील कर्तव्य निराळे असते. हा फरक न सांगता थेट छाती दाबण्याचे प्रात्यक्षिक दाखवणारे प्रशिक्षण श्रोत्यांच्या लक्षात राहते खरे, परंतु शुद्धीवर असलेल्या माणसाची छाती दाबायला धावणारा उत्साही कार्यकर्ताही त्यातूनच तयार होतो.

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यासारख्या ठिकाणी या प्रश्नाला विशेष धार येते. नागपूर आणि वर्धा यांना जोडणाऱ्या रस्त्यावर सेलू आहे. गावात ग्रामीण रुग्णालय आहे आणि वर्ध्याच्या परिसरात सेवाग्राम व सावंगी (मेघे) अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. महाराष्ट्रातील कितीतरी तालुक्यांना हेवा वाटावा अशी ही जवळीक आहे. तरीही हिंगणीकडच्या बोर धरणाच्या अंगाला किंवा सिंदी रेल्वेच्या बाजूला कपाशीच्या वावरात असलेल्या माणसाच्या छातीत कळ आली, तर पुढचा घटनाक्रम रुग्णालयाच्या अंतरावर ठरत नाही, तो घरच्या ओसरीवर ठरतो. चमक भरली असेल, गॅस चढला असेल, काल रात्री जेवण जास्त झाले असेल, अशी निदाने एकामागून एक होतात. ओवा आणि काळे मीठ, पाण्यात खायचा सोडा, छातीला तेलाचे मर्दन, गावातल्या औषधांच्या दुकानातली गॅसची गोळी असे उपाय क्रमाने होतात. मुलगा कामावरून येईपर्यंत थांबू, उजाडू द्या, मग पाहू, असे म्हणता म्हणता तांबडे फुटते. या विलंबात निष्काळजीपणापेक्षा संकोचाचा भाग मोठा असतो. खर्चाची धास्ती असते, दवाखान्यात नेल्यावर काहीच निघाले नाही तर हसे होईल ही भीती असते आणि घरात निर्णय कोणी घ्यायचा याची जी उतरंड असते, तिच्यात रुग्णाजवळ बसलेल्या सुनेचा शब्द सर्वांत खालच्या पायरीवर असतो. रुग्ण स्वतः बाई असेल तर पायरी आणखी खाली जाते.

म्हणूनच शिकवणारा माणूस गावातलाच लागतो, आणि या विचाराला वर्धा जिल्ह्यात जुनी बैठक आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली, तेव्हापासून तिथल्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेऊन तिथल्या कुटुंबांशी संबंध ठेवण्याचा प्रघात आहे. याच संस्थेतील डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत राबवलेली आरोग्य विम्याची योजना तर प्रसिद्धच आहे. तिची वर्गणी सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने दिली जाई. रुग्णालय हे गावाने आधीच पत्करलेले नाते आहे, आजारपणात ऐनवेळी ठोठावायचे दार नव्हे, ही जाणीव त्या ज्वारीतून रुजत होती आणि झटक्याच्या वेळी निर्णय लवकर होण्यासाठी अशाच जाणिवेची गरज असते. वर्ध्यातच जन्मलेले डॉ. अभय बंग यांनी डॉ. राणी बंग यांच्यासह पुढे गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या वतीने ३९ गावांतील कमी शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची तपासणी आणि उपचार शिकवले. नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. त्या यशाचे श्रेय केवळ साधनांच्या पेटीला नव्हते. शिकवणे टप्प्याटप्प्याने होते, पाठीशी नियमित देखरेख होती आणि शिकलेली बाई त्याच गावात राहणारी होती. डॉ. अभय बंग यांना स्वतःला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गाठले आणि त्या अनुभवावरचे त्यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक मराठी घराघरांत वाचले गेले. त्यामुळे आहार, व्यायाम, ताण आणि ध्यान यांचा हृदयाशी असलेला संबंध मराठी वाचकाला पुष्कळसा परिचित झाला. कळ येण्याआधीची वर्षे आणि नंतरची वर्षे अशी समजली, पण मधल्या पहिल्या तासाची ओळख तितकी झाली नाही.

स्वयंसेवक कोण असावा, याचे तयार उत्तर आशा कार्यकर्ती असे दिले जाते. ते बरोबर आहे, कारण तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जोखीम-तक्ता भरण्याचे काम तिच्याकडे असल्याने कोणत्या घरात साखर आहे, कोणाचा बीपी वाढलेला असतो आणि कोणाची तंबाखू सुटत नाही, हे तिच्या वहीत आधीच असते. सबंध गावाला एकदा व्याख्यान देण्यापेक्षा त्या वहीतल्या घरांत जाऊन, घरच्या चौघांना एकत्र बसवून बोलणे अधिक फलदायी ठरेल. मात्र सगळेच ओझे तिच्या डोक्यावर टाकण्याची सरकारी सवय इथे सोडावी लागेल. बचत गटातल्या बाया, ऑटोचालक, किराणा दुकानदार, पोलीस पाटील, आणि विदर्भातल्या गावोगावी सायंप्रार्थनेला जमणारे गुरुदेव सेवा मंडळाचे कार्यकर्ते हेही हे काम करू शकतात. सेलू तालुक्यातल्या, संत केजाजी महाराजांच्या घोराडला यात्रेच्या दिवसांत वयस्कर भाविकांची दाटी होते. तिथल्या स्वयंसेवकांना तर ही शिकवण सर्वांत आधी मिळायला हवी.

शिकवायचे काय, याचा मजकूर थोडाच आहे, पण तो लोकांच्या बोलीत बसवावा लागतो. 'छातीत दुखते का?' या प्रश्नाला अनेक रुग्ण प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण त्यांना दुखत नसते, दाबल्यासारखे होत असते. त्याऐवजी 'काकाजी, छातीवर कोणी दगड ठेवल्यावानी वाटून रायलं का? हात भरून आला का? जबडा ओढल्यासारखा होते का?' असे विचारले तर उत्तर वेगळे येते. थंडगार घाम, धाप, मळमळ आणि काहीतरी विपरीत घडणार अशी अकारण भीती ही सोबतची लक्षणे होत. मधुमेही व्यक्तींत, स्त्रियांत आणि वृद्धांत छातीची कळ मुळीच नसून केवळ दम लागणे, गळून जाणे किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थ वाटणे एवढेच असू शकते. अशा वेळी रुग्णाला बसवून किंवा टेकवून ठेवायचे, चालवायचे नाही, आणि लगेच १०८ ला फोन करायचा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ गाड्या प्रगत जीवरक्षक सोयींच्या होत्या. फोन उचलणारे केंद्र पुण्यात आहे, ही बाब सेलूकरांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण परभणी जिल्ह्यातही एक सेलू आहे आणि रेल्वेमुळे ते बाहेरच्यांना अधिक ठाऊक आहे. तेव्हा घाबरलेल्या माणसाच्या तोंडून आधी 'जिल्हा वर्धा' आणि मग तालुका, गाव व ओळखीची खूण निघेल, इतका सराव फोनचाही करून घेतला पाहिजे.

अ‍ॅस्पिरिनच्या गोळीचा प्रश्न थोडा नाजूक आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनमुळे पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले, त्यामुळे साधारण ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाण्याचा सल्ला दिला जातो. परंतु ज्याला तिची अ‍ॅलर्जी आहे, ज्याला रक्तस्राव होत आहे किंवा ज्याचे तोंड वाकडे होऊन हात लुळा पडला आहे, त्याला ती घातक ठरू शकते. ती द्यावी की नाही, हे स्वयंसेवकाच्या मर्जीवर न सोडता फोनवरच्या डॉक्टरला विचारून ठरवावे. शेजाऱ्याची जिभेखाली ठेवायची गोळी उसनी आणणे तर टाळावेच, कारण तिने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. जोरजोराने खोकले म्हणजे झटका टळतो, हा व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरणारा सल्ला सामान्य माणसासाठी निरुपयोगी आहे आणि त्याचे निवारण करणे हाही प्रशिक्षणाचाच भाग मानावा लागतो.

माणूस कोसळला, हाक मारून आणि खांदे हलवूनही उत्तर देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर मात्र वेळ मिनिटांत मोजायची असते. येथे एक सांस्कृतिक अडचण उभी राहते आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत तिचा उल्लेख सहसा नसतो. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे अनेकांना घरघर लागते, म्हणजे थांबून थांबून आचके दिल्यासारखा आवाज होतो. तो खरा श्वास नसतो. गावाकडे घरघर म्हणजे शेवट असे मानले जाते, त्यामुळे माणसाला खाली घेऊन तोंडात तुळशीपत्र आणि पाणी घालण्याची लगबग होते. दीर्घ आजाराच्या अंती तो निरोप योग्यच असतो. पण घटकाभरापूर्वी चहा घेतलेला पन्नाशीचा माणूस अकस्मात पडून घरघरू लागला, तर तीच खूण छाती दाबायला सुरुवात करण्याची असते, आणि तोंडात घातलेले पाणी श्वासनलिकेत जाते. हा भेद हळुवारपणे, श्रद्धेची टर न उडवता समजावणे बाहेरून आलेल्या डॉक्टरपेक्षा गावातल्या बाईला अधिक साधेल. भूलतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०१७ मध्ये सामान्य लोकांसाठी केवळ छाती दाबण्याची, तोंडाने श्वास न देण्याची पद्धत पुरस्कारली, त्यामुळे संकोचाचे एक कारण गेले. रुग्ण कठीण पृष्ठभागावर उताणा, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, कोपरे ताठ, मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि दाबानंतर छातीला पूर्ण वर येऊ देणे, असे हे तंत्र आहे. बाजेवर ते जमत नाही, माणसाला जमिनीवर घ्यावेच लागते. दोन मिनिटांत दाबणाऱ्याचे हात भरून येतात आणि खोली कमी होते, म्हणून एका घरातल्या एकाला शिकवून भागत नाही.

या तंत्राविषयी आशा किती धरावी, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. बंद छातीवरून हृदय दाबण्याची पद्धत १९६० मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, जूड आणि निकरबॉकर यांनी मांडली, आणि १९७२ पासून सिअ‍ॅटल शहरात डॉ. लेनर्ड कॉब यांनी हजारो नागरिकांना ती शिकवली. पण तिथे काही मिनिटांत विजेचा झटका देऊन लय पूर्ववत करणारे यंत्र घेऊन अग्निशामक दलाची गाडी दारात येई. ते यंत्र कित्येक किलोमीटर दूर असलेल्या गावात छाती दाबल्याने मिळणारा अवधी लहान असतो, आणि प्रशिक्षकाने चमत्काराचे आश्वासन दिले तर पहिल्याच अपयशानंतर गावाचा शिकवणाऱ्या बाईवरचा विश्वास उडेल. सेलूसारख्या तालुक्यात सर्वाधिक जीव वाचतील ते माणूस कोसळण्याआधी, तो बोलता-चालता असतानाच त्याला ईसीजीपर्यंत पोचवल्याने. त्यासाठी पुढची साखळीही तयार लागते. गोव्यात २०१८ पासून छोट्या सरकारी रुग्णालयांत काढलेला ईसीजी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञ पाहतात आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्या छोट्या रुग्णालयातच दिले जाते. स्वयंसेवकाने धडपडून रुग्ण आणला आणि ईसीजीचा कागद संपलेला निघाला, तर त्या गावात पुन्हा कोणी धडपडणार नाही.

शिकलेले हात तीन ते सहा महिन्यांत विसरू लागतात, असे अनुभव सर्वत्र नोंदले गेले आहेत. हार, फोटो, प्रमाणपत्र आणि चहा-बिस्किटे यांनी पार पडणारी एक दिवसाची शिबिरे म्हणूनच फारशी उपयोगाची नाहीत. सरावाचा पुतळा जिल्ह्याच्या कपाटात कुलूपबंद न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात राहिला आणि आशांच्या मासिक बैठकीत प्रत्येकीने दोन मिनिटे दाबून पाहिले, तर खर्च जवळजवळ शून्य आहे. त्यांचा मोबदला मोठ्या प्रमाणात कामाच्या यादीनुसार ठरतो, तेव्हा घरभेटीतील ही शिकवण त्या यादीत आली नाही तर ती सेवाभावावर सोडली जाईल, आणि सेवाभावाचा असा वापर आजवर पुरेसा झाला आहे. कामाचे मोजमापही किती जणांना प्रमाणपत्र दिले यावरून होऊ नये. ग्रामीण रुग्णालयात आलेल्या रुग्णाची कळ किती वाजता सुरू झाली आणि तो दारात किती वाजता पोचला, या दोन वेळा लिहून ठेवायला केसपेपरवर दोन रकाने पुरतात, आणि दर तिमाहीला त्यांतील अंतर गावनिहाय काढून त्या त्या गावच्या आशाताईला आणि सरपंचाला कळवता येते.