वाण लुटायचं तर गोष्टीचं लुटू या

प्रेमकथा वाचणाऱ्या बाईकडे आपल्या चळवळीतसुद्धा जरा कीव केल्यासारखंच पाहिलं जातं. शिबिरात एखादी म्हणाली, की मला झोपण्याआधी प्रेमाची गोष्ट लागते, तर बाकीच्या हसतात. मग एखादी जाणती कार्यकर्ती तिला समजवायला बसते, की अगं, हे पुरुषप्रधान व्यवस्थेनं तुला पाजलेलं गुंगीचं औषध आहे. त्या गोष्टीत बाईला काय मिळालं, तिच्याकडून काय काढून घेतलं, आणि वाचणारी आपल्या मनात ती गोष्ट कशी फिरवून घेते, हे विचारायला मात्र कुणाला सवड नसते. माझं म्हणणं असं, की बाईला कोणती गोष्ट हवी आहे हा प्रश्न रेशन, पाणी आणि पोटगीइतकाच आपला आहे. पेण आणि रोहा भागातल्या गटांनी येत्या संक्रांतीला तो हाती घ्यावा, यासाठी हा लेख.

परदेशातल्या इंग्रजी वाचणाऱ्या बायकांनी एक रीत पाडली आहे. आवडत्या कादंबरीतली पात्रं घ्यायची आणि त्यांची पुढची, मागची किंवा लेखकाने सांगायची टाळलेली गोष्ट वाचणारीनेच लिहायची. त्यात भेटींची देवाणघेवाणही असते. प्रत्येकीने आपली मागणी लिहून द्यायची: मला अमक्या पुस्तकातल्या तमकीची गोष्ट हवी, तिच्या बाबतीत असं घडलेलं हवं, असं घडलेलं नको. ती मागणी दुसरीकडे जाते. दुसरी ती गोष्ट लिहून भेट देते आणि तिला स्वतःला तिसरीकडून भेट मिळते. 'युलटाईड' नावाची अशी एक देवाणघेवाण २००३ पासून दर नाताळात होते. पैशाचा संबंध नाही, प्रकाशक नाही, समीक्षक नाही.

या मागण्यांमध्ये रीजन्सी काळातल्या प्रेमकथा हा एक लाडका प्रांत आहे. रीजन्सी म्हणजे इंग्लंडमधला १८११ ते १८२० हा काळ. राजाची बुद्धी भ्रमिष्ट झाली होती आणि त्याच्या नावाने युवराज कारभार पाहत होता. जेन ऑस्टिनची पहिली कादंबरी १८११ साली निघाली. तिच्यावर लेखिकेचं नाव नव्हतं, 'एका स्त्रीने लिहिलेली' एवढंच होतं. पुढे १९३५ पासून जॉर्जेट हेयरने त्या काळावर प्रेमकथा लिहिल्या आणि त्या प्रकाराचा एक कारखानाच उभा राहिला. २०२० मध्ये 'ब्रिजर्टन' ही मालिका आली आणि तो काळ आपल्याकडच्या मुलींच्या मोबाइलवरही पोचला. झुलते झगे, नाचाच्या मेजवान्या आणि अबोल, श्रीमंत नायक. हसायला सोपं आहे.

पण झगे बाजूला सारून पाहा. ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये बेनेट घराण्यात पाच मुली आहेत, मुलगा नाही. म्हणून बाप मेल्यावर घर आणि जमीन एका दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार आहे. ती सगळी प्रेमकथा या एका अटीवर उभी आहे. लग्न झालं नाही तर मुलींच्या डोक्यावर छप्पर नाही, आणि लग्न झालं तर जे काही असेल ते नवऱ्याचं. इंग्लंडमधल्या विवाहित बाईला स्वतःच्या कमाईवर आणि मालमत्तेवर हक्क मिळायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. तेव्हा 'तो मला मागणी घालील का' या गोड प्रश्नाच्या पोटात 'मी कुणाच्या घरात राहणार' हा कडू प्रश्न आहे. वाचणारीला तो बरोबर कळतो. म्हणूनच आजच्या वाचणाऱ्या नायिकेला सोडून दुसऱ्यांच्या गोष्टी मागतात. नाइलाजाने नावडत्या माणसाशी लग्न करणाऱ्या मैत्रिणीचं पुढे काय झालं? रूप नसलेली मधली बहीण कुठे गेली? त्या झग्यांवरचा चिखल कुणी धुतला? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जो बेकर या लेखिकेने २०१३ मध्ये 'लाँगबोर्न' ही अख्खी कादंबरी लिहिली. तिच्यात तेच बेनेटांचं घर आहे, पण मोलकरणींच्या बाजूने पाहिलेलं.

आता आपल्याकडे वळू. नेमक्या त्याच वर्षांत इथे दुसऱ्या बाजीरावाचा काळ चालू होता आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. आपली 'रीजन्सी' म्हणजे पेशवाईच. वाडा, नथ, पैठणी आणि मुत्सद्दी पण हळवा नायक. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली आणि मराठी घराघरांतल्या बायकांनी ती डोळे पुसत वाचली. थोरल्या माधवरावांचा १७७२ मध्ये थेऊरला मृत्यू झाला आणि रमाबाई सती गेल्या. हा इतिहास आहे. पण बाईने जिवंत जळणं हा प्रेमकथेचा सगळ्यात उंच क्षण म्हणून आपण वाचला, त्याचं काय? १९८७ मध्ये देवराळ्याला रूपकंवर जळाली तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. पुस्तकातल्या चितेपुढे मात्र आपण हुंदके देतो. आणि त्याच पेशवाईत कुणबिणी विकल्या-घेतल्या जात होत्या. वाड्यातलं दळण, कांडण, शेण आणि धुणं त्या करत होत्या. त्यांच्यातल्या एकीची प्रेमकथा कुणी मागितली आहे का? मागितल्याशिवाय कुणी लिहिणार नाही. वाचणारीने मागणी करणं याला राजकारण म्हणायचं ते यासाठी.

कुणी म्हणेल, हे सगळं इंग्रजी खूळ आहे, आपल्या मातीतलं नाही. उलट आहे. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री महदंबा हिने तेराव्या शतकात हेच केलं. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला होता. त्यासाठी तिने धवळे, म्हणजे लग्नात गायची गाणी, रचली. विषय होता रुक्मिणी आणि कृष्णाचं लग्न. म्हणजे जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली प्रेमकथा, एका प्रसंगासाठी झालेली मागणी आणि ती पुरी करणारी बाई. महदंबा बालविधवा होती. जिला लग्नमंडपात पुढे येऊ दिलं नसतं, तिने मराठीतलं पहिलं मोठं लग्नगीत रचलं.

आणि पेणच्या बाईला तर हे परकं वाटायलाच नको. आगरी-कोळी लग्नांत धवला गाणारी धवलारीण तिने पाहिलेली असते. लग्नाचे विधी गाण्यातून पुढे नेणारी ही बाई. भटजीच्या पोथीआधीपासून आपल्या लग्नांना बाईचा आवाज होता. सह्याद्रीच्या पलीकडे, मावळ-मुळशीपासून पुढे, हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेचा वनवास दळणाऱ्या बायांनी आपल्या बाजूने सांगितला आहे. त्यांना कुणी परवानगी दिली नव्हती. ग्रंथ पुरुषांच्या हाती होता, पण जात्याशी गोष्ट बायकांची होती.

मग ती हातातून गेली कशी? रुक्मिणीचंच पाहा. भावाने, रुक्मीने, तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं. तिने ते नाकारलं, आपल्या हाताने पत्र लिहून कृष्णाला निरोप धाडला आणि देवीच्या दर्शनाला म्हणून निघाली ती त्याच्या रथात बसून गेली. संत एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत 'रुक्मिणीस्वयंवर' पुरं केलं. आज लग्न जमत नाही म्हणून आई-बाप तीच पोथी मुलीच्या हातात देतात आणि पारायण करायला बसवतात. पोथीतल्या मुलीने भावाचा शब्द मोडला, स्वतः पत्र लिहिलं, घर सोडलं. पारायण करणारीने मात्र मान खाली घालून दाखवायला आलेल्या पाहुण्यांना पोहे द्यायचे. आणि तिने खरंच रुक्मिणीसारखं केलं तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराण्याची किंवा जातीची संमती लागत नाही. तरी विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आजही तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कचेरीत लागते. भावाला शोधत यायला तेवढे दिवस पुरतात. डिसेंबर २०२२ मध्ये तर राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांवर समन्वय समिती नेमली. आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांत 'आंतरजातीय' हा शब्द वगळला, 'आंतरधर्मीय' ठेवला. आजच्या रुक्मिणीचं पत्र वाचायला सरकारच टपलेलं.

भावाचा विषय निघालाच आहे तर पुढे जाऊ. बेनेटांच्या मुलींना कायद्यानेच घराबाहेर ठेवलं होतं. आपल्या मुलींना कायद्याने आत घेतलं आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, त्या आधी लग्न न झालेल्या मुलींना, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. २००५ मध्ये देशभर कायदा बदलला. २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा हक्क जन्मानेच मिळतो. तरी काय होतं? भाऊ बहिणीला रिक्षात बसवून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतो आणि तिथे हक्कसोडपत्रावर तिची सही होते. बदल्यात भाऊबीजेची साडी आणि 'माहेर तुटणार नाही' हे आश्वासन. पेण तालुक्यात जमिनीला काय मोल आहे हे सांगायला नको. २१ सप्टेंबर २००८ रोजी इथल्या २२ गावांत सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर शेतकऱ्यांचं सार्वमत झालं. देशभर त्याचं नाव झालं. जमिनीबद्दल तुझं मत काय, असं कुणी विचारायला यावं यासाठी आधी सातबाऱ्यावर नाव लागतं. सही करून आलेल्या बहिणीला कोण विचारणार?

म्हणून सांगते, प्रेमाची गोष्ट आणि सातबाऱ्याची गोष्ट दोन नाहीत. 'मला कोण आवडतो' आणि 'माझं घर कोणतं' हे दोन्ही प्रश्न एकाच बाईचे आहेत, आणि दोन्हींची उत्तरं तिच्या वतीने दुसरेच देतात. विभावरी शिरूरकरांनी १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' लिहून शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या इच्छा मांडल्या, तेव्हा गहजब झाला. लेखिका टोपणनावाआड होती म्हणून निभावलं. इच्छा बोलून दाखवणारी बाई इतकी भीती का निर्माण करते? कारण इच्छेचं रूपांतर मागणीत व्हायला वेळ लागत नाही, हे व्यवस्थेला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मग चळवळीतल्या आपणच त्या इच्छेला 'स्वप्नरंजन' म्हणून का हिणवतो? कुमुदिनी रांगणेकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे यांच्या कादंबऱ्या बायकांनी वाचनालयांतून नेल्या, एकमेकींना दिल्या. थोर समीक्षकांनी त्यांची दखल घेतली नाही, हे समजू शकतं. आपणही घेतली नाही, याला काय म्हणायचं?

आता सूचना. संक्रांतीला हळदीकुंकू होतं, वाण लुटलं जातं. प्लॅस्टिकचे डबे, चमचे, गाळण्या. त्यात नवरा गेलेल्या बाईला जागा नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या अपमानाच्या प्रथा बंद करायचा ठराव केला, पण ठराव सगळीकडे पोचलेला नाही. पेणच्या आणि रोह्याच्या गटांनी या वर्षी गोष्टीचं वाण लुटावं. प्रत्येकीने एका चिठ्ठीवर लिहायचं, मला कुणाची गोष्ट हवी आणि ती कशी संपलेली हवी. चिठ्ठ्या एकत्र करायच्या, पेणच्या रोह्याला आणि रोह्याच्या पेणला पाठवायच्या. जिला जी चिठ्ठी येईल तिने ती गोष्ट लिहायची. लिहिता येत नसेल तिने सांगायची, गटातल्या मुलीने उतरवून घ्यायची. नियम तीनच असावेत. मागणीला कुणी हसायचं नाही. 'असं कुठे असतं का' असं म्हणायचं नाही. आणि विधवा, परित्यक्ता, एकटी, कुणालाही वगळायचं नाही.

काय मागण्या येतील? हमरापूरच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारी बाई मागेल, की रमाबाई थेऊरहून परत आल्या आणि पुढे तीस वर्षं जगल्या, अशी गोष्ट दे. पापड लाटणारी मागेल, की वाड्यातल्या कुणबिणीवर कुणाचं तरी खरं प्रेम होतं आणि ती त्याच्याबरोबर खाडी ओलांडून गेली. धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटावर जाणारी मुलगी मागेल, की रुक्मिणीने पत्र लिहिलं, पण रथाची वाट पाहिली नाही, एसटीने गेली. एखादी एवढंच लिहील, की बहिणीने सही केली नाही आणि भाऊ तरीही भाऊबीजेला आला.

ही शेवटची चिठ्ठी जिला मिळेल तिला ती गोष्ट लिहिणं सगळ्यात जड जाईल. भाऊ का आला, हे तिला पटेल असं लिहावं लागेल. ते लिहिताना ती स्वतःच्या माहेरचा हिशेब मांडेल. मग गटाच्या बैठकीत ती गोष्ट वाचली जाईल, आणि हक्कसोडपत्रावर आपण दहा व्याख्यानं देऊन जे झालं नाही त्याची सुरुवात तिथे होईल. तेव्हा मैत्रिणींनो, चिठ्ठ्या लिहायला घ्या. तिळगूळ त्यानंतर.