अळीला सोबती कोण?
खांडबारा ज्या नवापूर तालुक्यात आहे, तेथील तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. नंदुरबार जिल्ह्यातील कपाशीच्या संकटाशी या तुरीचा संबंध आहे. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. तरी २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यातील शेतकऱ्यांना हवालदिल केले.

अळी नवे काही शिकली नव्हती. असंख्य अळ्यांत बीटीचे विष पचवणाऱ्या थोड्या असतातच. बीटीच्या शेतात तेवढ्याच जगतात आणि पतंग होऊन आपसात जुळतात. शेजारच्या साध्या कपाशीवरील पतंगाशी मीलन झाले, तर प्रतिकाराचे जनुक अप्रकट राहून बहुतेक संतती बीटीवर मरते. त्यासाठीच बियाण्यासोबत बिगर-बीटीचे १२० ग्रॅमचे पाकीट मिळे. अनेकांनी ते पेरलेच नाही. अळीसाठी जमीन कोण सोडणार?

अमेरिकन बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही पोसते, त्यामुळे तिला असे सोबती आपोआप मिळतात. गुलाबी अळी मात्र जवळपास कपाशीवरच जगते. त्यात फरदड घेतली, की तिच्या आणखी पिढ्या याच चाळणीतून जातात. दोष केवळ शेतकऱ्याला देणे सोपे आहे. चीनच्या यांगत्से खोऱ्यात संकरित बियाण्याच्या दुसऱ्या पिढीत चौथा हिस्सा झाडे बिगर-बीटी निघाली. तेथे प्रतिकारक अळ्यांचे प्रमाण घटले.