आत्मकथनाच्या आधारावर उभा सल्ला

2015 च्या नागरी सेवा परीक्षेचा निकाल मे 2016 मध्ये लागला, तेव्हा जालना जिल्ह्यातील शेलगावचे अन्सार शेख वयाच्या 21 व्या वर्षी, पहिल्याच प्रयत्नात, 361 व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. वडील रिक्षाचालक, शाळा जिल्हा परिषदेची, पुढे पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात राज्यशास्त्र, हा प्रवास स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना आता तोंडपाठ आहे. तो सांगताना शेख यांनी मुलाखतींतून आणखीही काही सांगितले आहे. शाळा सोडवायची वेळ आली तेव्हा शिक्षकांनी वडिलांची समजूत घातली. धाकट्या भावाने शिक्षण सोडून काम धरले आणि त्याच्या कमाईचा आधार पुण्यातल्या तयारीला मिळाला. शिकवणी वर्गाने शुल्कात सवलत दिली. खोली भाड्याने मिळावी म्हणून स्वतःचे नाव लपवून मित्राचे नाव सांगावे लागले.

या चारही गोष्टी कार्यकारणाच्या दृष्टीने निर्णायक आहेत आणि चारांपैकी एकीतूनही वाचकाला देता येईल असा सल्ला निघत नाही. भावाने शाळा सोडावी, असे कोणतेही पुस्तक सांगू शकत नाही. सल्ला निघतो तो चिकाटी, वेळेचे नियोजन, वाचनाची पद्धत यांतून, कारण एकट्या वाचकाच्या हातात तेवढेच असते. म्हणून जीवनकहाणी जेव्हा मार्गदर्शनपर पुस्तकाच्या, व्याख्यानाच्या किंवा चित्रफितीच्या साच्यात जाते, तेव्हा सांगणारा कितीही प्रामाणिक असला तरी अनुकरणीय तेवढे प्रकरणांचे शीर्षक होते आणि उरलेले पार्श्वभूमी म्हणून मागे सरते. ही काटछाट लेखकाच्या हेतूतून होत नाही, प्रकाराच्या गरजेतून होते, आणि म्हणूनच ती सहसा लक्षात येत नाही.

जालन्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या अभ्यासिकेत हातोहात फिरलेली अशा पुस्तकाची प्रत उघडून पाहावी. पेन्सिलीच्या रेघा कुठे आहेत? दिवसाचे वेळापत्रक, झोपेचे तास, 'हार मानू नका' या आशयाची वाक्ये यांच्याखाली. घरातल्या कोणी काय सोडले, पैसे कुठून आले, हे सांगणारी पाने कोरी असतात. लेखकाने जे गाळले नाही, तेही वाचक गाळतो, कारण तो पुस्तकाकडे उपाय शोधायला आलेला असतो.

जीवनकथा आणि उपदेश यांची सांगड नवी नाही. सॅम्युअल स्माइल्सच्या 1859 च्या 'सेल्फ हेल्प'मध्ये ती ठळक आहे. पण स्माइल्सने इतरांची, आणि अनेकांची, चरित्रे दाखले म्हणून वापरली होती. दाखला पटला नाही तर तो बाजूला ठेवून सल्ल्याचा स्वतंत्र विचार करता येत होता. आजच्या पुस्तकांत सल्ला देणारा आणि त्याची साक्ष देणारा एकच असतो. त्यामुळे सल्ल्यावर शंका घेणे म्हणजे लेखकाने भोगलेल्या दुःखावर शंका घेणे ठरते, आणि सभ्य वाचक तिथे थांबतो. भूक आणि अपमान खरे असतात. मात्र त्यांचा खरेपणा 'म्हणून असे करा' या पुढच्या वाक्याला आपोआप लागू होतो, जरी त्या वाक्याला वेगळा पुरावा लागतो.

तो पुरावा कसा तपासायचा, हे आकडे सांगतात. 2023 च्या नागरी सेवा परीक्षेसाठी 10,16,850 अर्ज आले, 5,92,141 उमेदवार पूर्वपरीक्षेला बसले, 14,624 मुख्य परीक्षेस पात्र ठरले, 2,855 मुलाखतीपर्यंत पोहोचले आणि 1,016 जणांची शिफारस झाली. म्हणजे मुलाखतीपर्यंत जाऊन 1,839 जण बाहेर राहिले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी तेच वेळापत्रक पाळले असणार, तीच पुस्तके वाचली असणार, आणि चिकाटीत ते कमी पडले असे म्हणायला काहीही आधार नाही. त्यांचे आत्मकथन कोणी छापत नाही. यशस्वी आणि अयशस्वी अशा दोन्ही गटांत सारखाच आढळणारा गुण यशाला आवश्यक असेलही, पण दोघांतला फरक त्याने स्पष्ट होत नाही. आणि निवड झालेल्यांचीच पुस्तके वाचणाऱ्याला हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

याचे परिणाम कुटुंबांच्या हिशेबात उतरतात. जालना जिल्ह्यात घरची रोकड कापूस, सोयाबीन, मोसंबी यांवर चालते. 2012-13 च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, आणि वाळलेली बाग नव्याने लावून फळ घ्यायला वर्षे जातात. अशा घरातून पुण्याला गेलेल्या मुलाची तयारी खोलीभाडे, मेस आणि अभ्यासिकेचे शुल्क महिन्याच्या महिन्याला मिळण्यावर अवलंबून असते. पैसे थांबले की अभ्यास तुटतो. पण त्याने वाचलेल्या पुस्तकात थांबणे ही मनाची दुर्बलता असते. आपल्यापेक्षा गरीब असलेल्या लेखकाने ती ओलांडलेली असते, म्हणून परिस्थितीचे कारण पुढे करण्याचा हक्क वाचकाने आधीच गमावलेला असतो. खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला 32 वर्षे वयापर्यंत 6 प्रयत्न मिळतात. त्यानंतर जो गावी परततो, त्याच्याकडे आपल्या अपयशाचे एकच स्पष्टीकरण शिल्लक असते, ते म्हणजे आपण स्वतः.

मला याहून दूरगामी वाटणारे नुकसान साहित्यातले आहे. दया पवारांचे 'बलुतं' 1978 मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 मध्ये आले. ही आत्मकथने यशाची पद्धत शिकवत नाहीत. लेखकाचे स्वतःचे तुटलेपण आणि लाज त्यांत आहे, आणि त्या निरुपयोगीपणामुळेच ती समाजाविषयीची साक्ष म्हणून टिकली. जात, भटकेपण, उपासमार या तिथे अशा व्यवस्था आहेत ज्यांना उत्तर द्यावे लागते. मार्गदर्शनपर आत्मकथनात त्याच गोष्टी 'अडथळे' होतात, आणि अडथळा हा नायकाने पार करायचा असतो, समाजाने दूर करायचा नसतो. भाड्याने खोली मिळवण्यासाठी नाव लपवावे लागणे ही घरमालकांविषयीची, शहराविषयीची नोंद आहे. यशाच्या कहाणीत ती नायकाच्या जिद्दीची नोंद होते. वाचकांची एक पिढी आत्मकथन असेच वाचायला शिकली, तर पुढचे 'बलुतं' हाती आल्यावरही ती त्यात युक्ती शोधेल आणि न सापडल्यास पुस्तक मिटवेल.

पोलीस अधिकारी विश्वास नांगरे पाटील यांच्या 'मन में है विश्वास'सारख्या पुस्तकांना मोठा वाचक मिळाला आहे, आणि ग्रामीण मुलांना ती वाचून पहिल्यांदा आपणही तिथे पोहोचू शकतो असे वाटले, हे मोल कमी नाही. त्यामुळे अशी पुस्तके लिहू नयेत, असे माझे म्हणणे नाही. मागणी संपादक आणि प्रकाशकांकडे आहे. सल्ला आणि कहाणी एकत्र छापायची असेल, तर तयारीच्या प्रत्येक वर्षाचा खर्च आणि तो कोणी उचलला, किती प्रयत्न झाले, कोणती सवलत किंवा शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या वर्षी किती जणांतून किती निवडले गेले, हे त्याच पुस्तकात, त्याच अक्षरांत छापावे. आणि जालना जिल्ह्यातून पुढचा जो अधिकारी पुस्तक लिहील, त्याने घरातल्या ज्याचे शिक्षण थांबले त्याला एक पूर्ण प्रकरण द्यावे.