काम कायमचे, कामगार तात्पुरता

कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन मिळतात. पूर ओसरला की घाटावर गाळ उरतो. तो खरवडणे, पायऱ्यांवरील शेवाळ काढणे, निर्माल्य उचलणे हे काम एका हंगामाचे नव्हे. नदी वाहते आहे तोवरचे आहे.

२०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत कराड देशात पहिले आले. हा मान झाडू धरणाऱ्या हातांचा होय. परंतु असे हात ठेकेदाराकरवी भाड्याने घेण्याची प्रथा राज्यातील नगरपालिकांत रूढ झाली आहे. ठेका संपतो, ठेकेदार बदलतो; कामगार तोच, काम तेच, सेवाज्येष्ठता मात्र शून्य!

कंत्राटबंदीचा निर्णय घेताना काम बारमाही आहे काय, हे पाहण्यास १९७० च्या कायद्याने सांगितले होते. २०२० च्या श्रमसंहितेने सफाईला सर्वसाधारणपणे गाभ्याच्या कामांतूनच वगळले. मात्र १९६५ च्या कायद्यानुसार सार्वजनिक स्वच्छता हे नगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य आहे. कर्तव्य सक्तीचे, तर ते पार पाडणारा तात्पुरता कसा? बारमाही कामाला कायम नोकरी, ही मागणी कार्यकर्त्यांनी प्रत्येक नगरपालिकेच्या दारी नेली पाहिजे.